स्टिअरिंगवरचा लाल एप्रन

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा ऑर्विल पेटकाऊ याने एकतीस वर्षं अलास्का हायवेवर ग्रेडर चालवला. ग्रेडर म्हणजे पोटाखाली लांब पातं असलेलं, रस्ता खरवडून सारखा करणारं पिवळं यंत्र. उन्हाळ्यात तो खडी सारखी करायचा आणि हिवाळ्यात बर्फ. दोन्हींतलं काय जास्त आवडतं, असं त्याच्या निवृत्तीच्या जेवणात कोणीतरी विचारलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "सपाट."

त्या जेवणात त्याने केलेलं भाषण तेवढंच. बाकीचं माझी बहीण हर्मिन बोलली. दोघांच्या वाटचं बोलणं तिच्याकडेच असायचं आणि ती ते काम मनापासून करायची.

हर्मिनला जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची एकुलती मुलगी रोझॅन वॉटसन लेकला रस्तेदुरुस्तीच्या कॅम्पवर वायरलेस सांभाळते. तिने वडिलांना आपल्या घराच्या तळघरातली खोली दिली. खोली चांगली आहे, तिला खिडकी आहे, हीटरही आहे. ऑर्विल तिथे खुर्चीच्या कडेवर बसतो, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. मे महिन्यात बर्फ वितळलं की तो आपली उशी, दाढीचं सामान आणि हर्मिनचा फोटो अंगणातल्या मोटरहोममध्ये नेऊन ठेवतो, आणि त्या दिवसापासून सप्टेंबर संपेपर्यंत पाठ टेकून बसतो.

मोटरहोम आठ मीटर लांब आहे. पुढे चालवायची जागा, तिच्यामागे एक तपकिरी पडदा, मग शेगडी, टेबल, आणि शेवटी पलंग. हर्मिनने तिचं नाव 'म्हातारी' ठेवलं तेव्हा गाडी सहा वर्षांची होती आणि हर्मिन स्वतः सत्तावन्नची.

गेल्या सप्टेंबरात एक प्रकार झाला. कॅम्पग्राउंडवर गाडीची मैल्याची टाकी रिकामी करायला जी लांब नळी लावतात, ती ऑर्विलने काढली नाही आणि तो निघाला. नळी अकरा किलोमीटर फरफटत आली. मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवले, ऑर्विलने प्रत्येकाला हात केला. या रस्त्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाला हात करायची पद्धत आहे, आणि त्याला वाटलं लोक यंदा जरा जास्तच प्रेमाने वागताहेत.

नळी नवी आणता आली. पण रोझॅनने वडिलांना समोर बसवलं. "बाबा, तू एकोणऐंशीचा आहेस. आणखी एक चूक, आणि म्हातारी विकायची. कबूल?"

"बरं," ऑर्विल म्हणाला.

या जूनमध्ये तो दात दाखवायला आमच्या फोर्ट नेल्सनला आला. माझे यजमान आर्मां गेल्यापासून मी तिथे एकटीच असते. परत जाताना त्याने मला बरोबर घ्यायचं ठरलं होतं, म्हणजे रोझॅनच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी पोचले असते. निघायच्या आदल्या दिवशी रोझॅनचा मला फोन आला.

"मावशी, मॅनिटोबाहून एक माणूस शनिवारी गाडी बघायला येतोय."

"चूक झाली का काही?"

"अजून नाही. म्हणून तर तुला सांगतेय. गाडीची वही तू लिही. आईसारखी, सगळं, वेळेसकट. तुझ्या अक्षरात 'काही झालं नाही' असं लिहिलेलं असलं तर मी त्या माणसाला नको म्हणून सांगेन. बाबाचं अक्षर मला वाचताच येत नाही, आणि बाबाला पण येत नाही."

गाडीची वही हर्मिनने बावीस वर्षं ठेवली होती. कुठून निघालो, कुठे थांबलो, किती किलोमीटर, हवा कशी, कोणतं जनावर दिसलं. ती गेल्यावर वही कोरीच होती. मी पेन घेऊन बसले आणि मला वाटलं, हे काम माझ्याइतकं नीट कोणी करणार नाही.

पहिला दिवस निर्वेध गेला. रात्री मंचो लेकच्या काठावर मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ऑर्विल गाडीभोवती फेरी मारायला लागला. या गाड्या घेऊन फिरणारे सगळेच निघण्याआधी एक फेरी मारतात. पायरी आत, अँटेना खाली, छताच्या खिडक्या बंद, चाकांखालचे ठोकळे काढलेले, नळी काढलेली. ऑर्विलने दोन फेऱ्या मारल्या, एक उजवीकडून आणि एक डावीकडून. प्रत्येक वस्तूला तो हात लावत होता. नळीच्या पेटीला त्याने दोनदा हात लावला.

"झालं?" मी विचारलं.

"लिहिलंस?"

"सात एकेचाळीस, फेरी पूर्ण. दोन वेळा."

"दोन वेळा लिहायला नको होतं. ती म्हणेल, पहिली विसरला म्हणून दुसरी मारली."

मी म्हटलं, शाईने लिहिलंय.

आठला निघालो. ऑर्विल ताशी ऐंशीच्या वर जात नाही. बोलला तर रस्त्याबद्दल, आणि तेही मैलांत. किलोमीटरच्या पाट्या लागून चाळीस वर्षं झाली, रस्ता सरळ करून करून मूळ मैल कधीच खोटे पडले, पण इथली जुनी माणसं अजून जुन्या मैलांचाच पत्ता देतात. "चारशे ब्याऐंशीला रस्त्याखालची मोरी खचायची," तो म्हणाला. मग अर्धा तास काही नाही. मग, "आता नाही खचत."

लियार्डच्या गरम झऱ्यांच्या अलीकडे बायसनचा कळप रस्त्यावर बसला होता. सत्तावीस मोठे, नऊ पिल्लं. हॉर्न वाजवायचा नाही, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक असतं. इंजिन बंद करायचं आणि बसायचं. आमच्या मागे सहा गाड्या लागल्या. एक बायसन आमच्या बंपरला मान घासत होता, आणि ऑर्विल त्याच्याकडे शेजाऱ्याकडे बघावं तसा बघत होता. पन्नास मिनिटांनी त्यांचं बसणं संपलं.

त्या वाट बघण्यात मला पेंग आली. मी ऑर्विलला म्हटलं, मागे जाऊन जरा पडते. त्याने मान हलवली, ट्रकवाल्यांशी बोलायचा रेडिओ बंद केला आणि पडदा ओढून घेतला.

आता एप्रनबद्दल सांगायला हवं. मागे एकदा, मला वाटतं दोन हजार तीनमध्ये, हर्मिन पेट्रोल पंपावर मागच्या दाराने उतरली आणि ऑर्विल तिला पंपावर सोडून निघून गेला. ती मागे झोपली आहे असं तो समजत होता. या गाड्यांतून फिरणाऱ्यांत हे पुष्कळांचं होतं, त्यावर लोक वर्षानुवर्षं हसतात. हर्मिन हसली नाही. तिने नियम केला. दाराशेजारच्या खुंटीवर तिचा लाल एप्रन असायचा. मागे असलेल्या माणसाने खाली उतरताना तो पडद्याआडून पुढे स्टिअरिंगवर टाकायचा. स्टिअरिंगवर एप्रन म्हणजे मी बाहेर आहे. स्टिअरिंग रिकामं म्हणजे मी आत आहे, चल. त्यानंतर सतरा वर्षं ती एकदाही मागे राहिली नाही. एप्रन अजून त्याच खुंटीवर आहे. त्या प्रवासात मी दोन दिवसांत सात वेळा तो स्टिअरिंगवर टाकला होता, आणि सातही वेळा वहीत तशी खूण केली होती.

पाचशे सोळाव्या मैलाजवळ, स्मिथ रिव्हरच्या फाट्यापुढे, रस्त्याकडेला थांबायची एक जागा आहे. खडीचं मोकळं मैदान, अस्वलांना उघडता येणार नाही असा कचऱ्याचा लोखंडी डबा, आणि लाकडी संडास. आजूबाजूला स्प्रूसची झाडं, खाली नदी, आणि माणूस म्हणून कोणी नाही. फोन लागत नाही. ऑर्विल टायर बघायला थांबला. लाकडी दांड्याने प्रत्येक चाकावर ठोकून तो आवाज ऐकतो. पलीकडच्या चाकांवरच्या त्या ठोकण्याने मला जाग आली.

मी खुंटीवरून एप्रन काढला, दार उघडलं आणि उतरले. डासांचा असा लोट अंगावर आला की मी पळतच संडास गाठला.

बाहेर आले तेव्हा दहा त्रेचाळीस झाले होते आणि मैदान रिकामं होतं.

धूळसुद्धा उडालेली नव्हती. त्याने गाडी इतकी हळू काढली होती, माझी झोप मोडू नये म्हणून.

मी कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी राहिले. जिथे चुकलो तिथून हलायचं नाही, हे इकडच्या मुलांना चालायला लागण्याआधी शिकवतात. सुरुवातीची दहा मिनिटं मी ऑर्विलला काय बोलायचं ते जुळवत होते. वाक्यं चांगली जमत होती. मग रोझॅनचं बोलणं आठवलं, आणखी एक चूक. आणि मॅनिटोबाचा माणूस. मग वाक्यं जमेनाशी झाली.

इथे रस्त्याकडेला एकटा माणूस दिसला आणि गाडी पुढे गेली, असं होत नाही. पहिला थांबला तो इंधनाचा टँकर. चालक डेल्बर्ट, दाराएवढा माणूस. तो शिडीवरून खाली आला आणि मैदानभर नजर फिरवली.

"आजी, गाडी कुठाय?"

"पुढे गेली."

"आणि तुम्ही?"

"मी इथे आहे."

"ते दिसतंय." त्याने टोपी मागे सारली. "नवऱ्याने सोडलं?"

"बहिणीच्या नवऱ्याने."

"बरंच सोपं पडलं असेल मग त्याला. चढा वर. गाठतो त्याला."

मी नको म्हटलं. तो परत आला आणि मी दिसले नाही, तर त्या म्हाताऱ्याचं काय होईल? डेल्बर्टला ते पटलं. त्याने गाडीचं वर्णन विचारलं. मी 'म्हातारी' हे नाव सांगितल्यावर त्याने डोळे मोठे केले.

"पेटकाऊ? ग्रेडरवाला ऑर्विल? अहो, त्याच्याकडे रेडिओ आहे की! आत्ता सांगतो."

तो वर चढला आणि रेडिओवर बोलताना ऐकू आला. "ऑर्विल, ऐकतोयस का? तुझं काहीतरी पाचशे सोळावर राहिलंय. सव्वापाच फूट, चष्मा लावतं." उत्तर आलं नाही. रेडिओ माझ्या झोपेसाठी बंद होता. डेल्बर्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ऑर्विल सोडून दोनशे किलोमीटरमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं असणार.

जाताना त्याने मला अस्वलावर मारायचा फवारा दिला. "वारा आपल्या पाठीमागून असला तरच मारा. नाहीतर अस्वल हसत बसेल."

पुढचं जोडपं सस्कॅचेवानचं होतं, मोठी ट्रेलर ओढणारं. बाई व्हर्ना, बोलघेवडी. नवरा गाडीतूनच उतरला नाही. व्हर्नाने मला घडीची खुर्ची उघडून दिली, पायावर घोंगडी टाकली, थर्मासमधली कॉफी ओतून दिली.

"बघ रे," ती नवऱ्याकडे वळून ओरडली, "मला असं कधी सोडून गेलास तर याद राख!"

"तू गप्प राहशील तर विसरायला होईल ना," तो आतून म्हणाला.

"याला नंतर बघते मी. आजी, खुर्ची वॉटसन लेकच्या कॅम्पग्राउंडवर आणून द्या, आम्ही तिथेच आहोत. तुमचे हे सापडले की त्यांचं काय करायचं ते तिथे ठरवू."

मी खुर्चीत बसले. नदी वाहत होती. अर्ध्या तासाने रस्तेदुरुस्तीचा पिकअप आला, त्यात नारिंगी जाकिटातली एक तरुण बाई. तिने खाली न उतरताच विचारलं, "पाचशे सोळावर राहिलेल्या त्या तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं.

"सगळीकडे झालंय. कॅम्पवर पैज लागलीय, ऑर्विलला कुठे कळेल म्हणून. कोणी म्हणतं कॉन्टॅक्ट क्रीक. मी म्हटलं, थेट वॉटसन लेकला, जेवायला हाक मारेल तेव्हा."

"रोझॅनने ऐकलं?"

"अहो, तीच तर होती रेडिओवर. दोनदा म्हणाली, पुन्हा सांगा." तिने कागदात गुंडाळलेला दालचिनीचा बन माझ्या हातात दिला. "खाऊन घ्या. आणि हे लाल फडकं डोक्याला बांधलंत ते बरं केलंत. वळणावरूनच दिसलात."

ती गेली. मी हात वर केला.

एप्रन माझ्या डोक्यावर होता. हनुवटीखाली त्याच्या बंदांची नीट गाठ मारलेली होती. मी डासांसाठी तो बांधला होता, उतरताना, दारातच. स्टिअरिंगवर टाकलाच नव्हता.

मी गाठ सोडली. एप्रनची चौकोनी घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. डास ताबडतोब आले. मी त्यांना चावू दिलं. पण एप्रन खिशातच ठेवला, हेही खरं.

बारा वाजून बारा मिनिटांनी म्हातारी वळणावर दिसली. ऑर्विल ताशी ऐंशीनेच येत होता. त्याने गाडी थांबवली, ब्रेक लावला, चाकांना ठोकळे लावले आणि मग माझ्याकडे आला. मी खुर्चीत, पायावर घोंगडी, एका हातात कॉफी, मांडीवर अर्धा बन आणि अस्वलाचा फवारा.

"बरी आहेस," तो म्हणाला.

"हो."

तो हात खिशात घालायचा प्रयत्न करत होता आणि खिसा सापडत नव्हता.

"माझी चूक," तो म्हणाला. "पडदा सारून बघायला हवं होतं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी खुर्चीची घडी घातली.

गाडी निघाल्यावर मी विचारलं, "कुठे कळलं तुला?"

"फायरसाइडच्या पुढे. पाचशे पंचेचाळीस."

"कसं?"

"कोल रिव्हरपाशी तुला एक विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं, विचार करतेय. म्हणून थांबलो."

"किती?"

"बारा मैल."

"आणि मग?"

"मग वाटलं, इतका काही अवघड प्रश्न नाही. पडदा सारला."

"काय विचारलं होतंस?"

"जाऊ दे," तो म्हणाला. "आता गाडीच राहणार नाही."

मी वही उघडली आणि लिहिलं, 'दहा त्रेचाळीस ते बारा बारा, पाचशे सोळाव्या मैलावर थांबलो. हवा स्वच्छ, डास फार.' वाक्य खरं होतं. मठाच्या शाळेत सिस्टर क्लोटिल्ड अशा खऱ्या वाक्यांसाठी जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. पुढच्या एकशे नव्वद किलोमीटरमध्ये एक काळं अस्वल, दोन मूस हरणं आणि पाच कोल्हे दिसले. सगळे मी नोंदवले. ऑर्विल रस्त्याकडे बघत होता. समोरून येणारे ट्रकवाले त्याला हात करत होते, कोणी दोन्ही हात करत होते, आणि तो प्रत्येकाला उत्तर देत होता.

रोझॅनच्या अंगणात टाकी रिकामी करायची सोय नाही, म्हणून आधी वॉटसन लेकच्या कॅम्पग्राउंडवर गेलो, पावणेतीनला पोचलो. आमच्या जागेपाशी रोझॅन हाताची घडी घालून उभी होती. जागा दोन झाडांमध्ये, अरुंद. गाडी मागे घेत असताना आजूबाजूचे लोक आपापल्या खुर्च्या तिकडे वळवून बसतात, ही कॅम्पग्राउंडची करमणूक आहे. नवरा गाडी चालवतो, बायको मागून हातवारे करते, आणि निम्मी भांडणं तिथेच होतात. त्या दिवशी व्हर्ना धरून अकरा माणसं बसली होती. मी उतरून मागे उभी राहिले, उजवा हात, डावा हात, थांब. ऑर्विलने एका दमात गाडी आत घेतली, दोन्हीकडे एकेक वीत जागा सोडून. लोक निराश झाले.

तो खाली उतरला. रोझॅनला म्हणाला, "वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"वाढदिवस उद्या आहे, बाबा."

"हो. उद्या पण देईन."

"बाबा, सगळ्या हायवेने ऐकलं. मी ड्यूटीवर होते. मला वाटलं मावशीला अस्वलाने..." तिने वाक्य सोडून दिलं. "आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं."

"काय झालं नेमकं?"

"माझी चूक झाली," ऑर्विल म्हणाला. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. गाडीची किल्ली कडीतून निघायला वेळ लागला, त्याची नखं बारीक कापलेली होती. ती त्याने लाकडी टेबलावर ठेवली, अगदी कडेला नाही, मधोमध. "शनिवारी तो माणूस येऊ दे. त्याला सांग, दुसरा गिअर थंडीत जरा अडतो."

मी खिशात हात घातला आणि एप्रन टेबलावर ठेवला, किल्लीच्या वर.

रोझॅनने तो ओळखला. आईचाच होता.

"हा स्टिअरिंगवर नव्हता," मी म्हटलं. "माझ्या डोक्यावर होता. डासांसाठी बांधला आणि विसरले. सव्वा तास मी लोकांची कॉफी पीत बसले होते, आणि एप्रन माझ्या डोक्यावर होता. तुझ्या बापाने नियमाने गाडी काढली. स्टिअरिंग रिकामं होतं."

मागून व्हर्ना नवऱ्याला म्हणाली, "तरी मी म्हटलं होतं तुला, बांधायला काय छान युक्ती काढलीय."

रोझॅन वडिलांकडे वळली. "स्टिअरिंग रिकामं होतं हे तुला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे ती विसरली हेही माहीत होतं?"

"गाडीत चढताना तिच्या खिशातून बंद लोंबत होता," ऑर्विल म्हणाला. "लाल."

"आणि एकशे नव्वद किलोमीटर तू काही बोलला नाहीस?"

"ती वही लिहीत होती."

मला बसावंसं वाटलं. व्हर्नाची खुर्ची अजून माझ्याकडेच होती, तिच्यात बसले. मांडीवर वही घेतली, 'थांबलो' खोडलं आणि वर लिहिलं, 'माझ्या विसरण्यामुळे मी मागे राहिले. चालकाची चूक नाही.' बावीस वर्षांच्या आणि दोन दिवसांच्या वहीत ती पहिली खाडाखोड. वही रोझॅनकडे दिली. तिने वाचलं, मागचं पानही वाचलं.

"फेरी दोन वेळा कशाला मारलीस, बाबा? पहिली विसरलास?"

ऑर्विलने माझ्याकडे बघितलं.

रोझॅनने टेबलावरचा एप्रन उचलून छातीशी धरला, मग त्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "म्हणजे दोन दिवस मी भलत्याच माणसाची परीक्षा घेत होते," ती म्हणाली. "मॅनिटोबावाल्याला संध्याकाळी फोन करते, येऊ नको म्हणून. पण बाबा, एकट्याने आता जायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी बरोबर हवं. आणि जे कोणी असेल त्याच्या गळ्यात मी शिट्टी बांधणार आहे."

ऑर्विल किल्ली कडीत परत अडकवत होता. काढण्यापेक्षाही ते जास्त वेळ चाललं.

"तेच विचारलं होतं," तो म्हणाला.

"काय?" रोझॅन म्हणाली.

पण तो तिच्याशी बोलत नव्हता. "कोल रिव्हरपाशी. पुढच्या वर्षी येशील का. गेल्या वर्षी एकटा फिरलो. मोऱ्यांबद्दल सांगायला कोणी नव्हतं."

अकरा खुर्च्या अजून आमच्याकडेच वळलेल्या होत्या.

मी म्हटलं, "एप्रन विसरणारी बाई चालेल का तुला?"

"शिट्टी असेल," तो म्हणाला.

"मग येईन."

"बरं," ऑर्विल म्हणाला, आणि मैल्याची नळी काढली आहे का ते बघायला गाडीमागे गेला. ती अजून लावलेलीच नव्हती.